छिंदवाड्याची स्थानबद्धता आणि विद्यापीठीय शिक्षणात इस्लामची ओळख

नागपूरहून छिंदवाड्याला जाणारा रस्ता सौंसरवरून जातो. १९१३ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर-छिंदवाडा ही नॅरोगेज लाइन सुरू केली, तीही सौंसरवरूनच. सौंसर आणि पांढुर्णा हा छिंदवाडा भागातील मराठी बोलणारा पट्टा होय. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व विदर्भातील इतर जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मात्र मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. येथला विद्यार्थी घरी मराठी बोलतो आणि महाविद्यालयात हिंदीतून शिकतो. इतिहासाच्या पेपरसाठी तो खिलाफत चळवळीवर टीप लिहितो आणि त्या टिपेत 'अली बंधू' हे दोन शब्द येतात. हे दोघे बंधू साडेतीन वर्षे सौंसरहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, छिंदवाड्यात सरकारच्या नजरेखाली राहत होते. ही बाब टिपेत येत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय अली बंधूंचे चरित्र हा नाही. महाविद्यालयात आणि विद्यापीठात इस्लामची व मुस्लिम जीवनाची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न गेल्या शंभर वर्षांत अनेकदा चर्चिला गेला. मौलाना मुहंमद अली यांच्या बाबतीत तो छिंदवाड्यातील या स्थानबद्धतेत तीव्र झाला आणि पुढे एका विद्यापीठाच्या स्थापनेपर्यंत पोहोचला. त्या प्रश्नाचा माग घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

देवगडचा वारसा

या भागाला इस्लाम विसाव्या शतकात प्रथम भेटला, असे मात्र नव्हे. देवगडचा किल्ला छिंदवाडा जिल्ह्यातच आहे. तेथील गोंड राजाने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला आणि बख्त बुलंद हे नाव धारण केले. नागपूर शहर वसविण्याचे श्रेय इतिहासकार त्यालाच देतात. १७०२ च्या सुमारास बारा वस्त्या एकत्र करून त्याने हे शहर उभे केले आणि शेतकरी, कारागीर यांना आणून वसविले. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. त्याच्या घराण्याचा धर्म इस्लाम झाला, तरी गोंडांशी सोयरिकी तुटल्या नाहीत. अठराव्या शतकाच्या मध्यास सत्ता रघुजी भोसल्यांकडे गेली, परंतु 'गोंड राजा' हा मान घराण्याकडे राहिला. गोंड, मुसलमान आणि मराठा हे तीन शब्द एका शहराच्या जन्मकथेत इतके गुंतलेले असताना पाठ्यपुस्तकांत त्यांची तीन वेगळी प्रकरणे कशी होतात, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अलीगढने काय दिले

मुहंमद अली यांचा जन्म १८७८ मध्ये रामपूर येथे झाला. त्यांचे शिक्षण सर सय्यद अहमद खान यांनी स्थापन केलेल्या अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात झाले. १८९८ मध्ये बी.ए. होऊन ते ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात गेले आणि तेथे त्यांनी आधुनिक इतिहासाचा अभ्यास केला. परतल्यावर काही काळ रामपूरला आणि नंतर बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या सेवेत ते होते. १९११ मध्ये त्यांनी कलकत्त्यात 'कॉम्रेड' हे इंग्रजी साप्ताहिक काढले व पुढे ते दिल्लीला नेले. त्या वेळच्या कोणत्याही मापाने ते उच्चशिक्षित मुसलमान होते.

असे असूनही आपल्या आत्मवृत्तात त्यांनी जे लिहिले ते विचार करावयास लावणारे आहे. अलीगढला मुस्लिम विद्यार्थ्यांचे मुस्लिमपण जपले गेले. वसतिगृह होते, नमाज होती, पोशाख होता, एकत्र जेवण होते. परंतु इस्लामचे ज्ञान त्या मानाने फारच थोडे मिळाले, अशी त्यांची तक्रार आहे. या त्रुटीमागे एक ऐतिहासिक कारण होते. सर सय्यद यांची स्वतःची धार्मिक मते उलेमांना मान्य नव्हती. आपल्या मतांमुळे कॉलेजच बुडू नये म्हणून त्यांनी दीनियातचे शिक्षण परंपरानिष्ठ मौलवींच्या हाती सोपविले आणि सुन्नी व शिया विद्यार्थ्यांसाठी त्याची स्वतंत्र व्यवस्था केली. आधुनिक विषय एका हाती आणि धर्म दुसऱ्या हाती, अशी ही वाटणी होती. दोहोंची गाठ वर्गात पडत नसे.

त्याला एक ठळक अपवाद होता. अल्लामा शिब्ली नोमानी १८८३ पासून अलीगढला अरबी-फारसीचे अध्यापक होते. ते कॉलेजातील विद्यार्थ्यांना कुरआनचा दर्स देत असत. मुहंमद अली त्या वेळी शाळेत होते. थोरले बंधू शौकत अली कॉलेजात असल्याने त्यांनाही या दर्सचा लाभ कसा मिळाला, याची आठवण त्यांनी पुढे जिव्हाळ्याने नोंदविली आहे. सबंध अलीगढमधून इस्लामविषयी मनात राहिले ते एवढेच, असा त्या आठवणीचा सूर आहे. अध्यापकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. धर्माची ओळख करून देणारा माणूस इतिहास व भाषा जाणणारा असला, की ती ओळख किती टिकते, हे यावरून दिसते.

छिंदवाड्यातील वर्षे

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर तुर्कस्तानविषयी 'कॉम्रेड'मध्ये आलेल्या लेखामुळे सरकारने पत्राचा जामीन जप्त केला आणि १९१४ च्या अखेरीस ते बंद पडले. मे १९१५ मध्ये भारत संरक्षण कायद्याखाली मुहंमद अली आणि शौकत अली या दोघांनाही स्थानबद्ध करण्यात आले. प्रथम त्यांना मेहरौलीस, मग लॅन्सडाऊन येथे ठेवले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस छिंदवाड्यास आणले. मध्य प्रांतातील हे लहानसे गाव निवडण्यामागे त्यांना त्यांच्या अनुयायांपासून दूर ठेवण्याचा हेतू होता. दिल्ली, लखनौ, अलीगढ हे सारे येथून दूर होते. मातोश्री आबादी बानो बेगम, ज्यांना देश पुढे 'बी अम्मा' म्हणून ओळखू लागला, त्या मुलांबरोबर छिंदवाड्यास राहिल्या.

ही कैद तुरुंगाच्या भिंतींमागची नव्हती. घर होते, पुस्तके होती, पत्रव्यवहार होता. पत्रे तपासली जात आणि गावाची हद्द ओलांडता येत नसे. मुबलक होता तो वेळ. या वेळात दोघा बंधूंनी उर्दू भाषांतराच्या आधारे कुरआन प्रथमच अथपासून इतिपर्यंत समजून वाचले. चाळिशीकडे झुकलेला, ऑक्सफर्डला इतिहास शिकलेला, देशभर गाजलेला एक मुस्लिम संपादक आपल्या धर्माचा ग्रंथ प्रथमच सलग वाचतो, आणि तेही सरकारने काम बंद पाडल्यामुळे! या घटनेतील विसंगती मुहंमद अलींच्या स्वतःच्याही लक्षात आली होती. पुढे १९२१ मध्ये कराचीच्या खटल्यात दोन वर्षांची सजा झाल्यावर तुरुंगात त्यांनी इस्लामवर ग्रंथ लिहावयास घेतला. त्याच्या प्रारंभी स्वतःच्या धार्मिक शिक्षणाची कथा घातली. ग्रंथ अपुरा राहिला. ती कथा 'माय लाइफ : अ फ्रॅगमेंट' या नावाने १९४२ मध्ये लाहोरला प्रसिद्ध झाली. तीत छिंदवाड्याच्या काळातील वाचनाला मध्यवर्ती स्थान आहे.

छिंदवाड्यातील या घराचा एक मराठी धागाही आहे. अली बंधूंचे कायदेविषयक काम तेथील घाटे वकील पाहत असत. गांधीजींचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता. बंधूंना भेटण्याची परवानगी गांधीजींना मिळत नव्हती. त्यामुळे निरोप, सल्ला आणि कधी कानउघाडणीही घाटे यांच्यामार्फत जाई. एका मुस्लिम नेत्याची धार्मिक भूमिका समजून घेऊन ती सरकारपुढे कायद्याच्या भाषेत मांडणे हे वकिलाला साधे काम वाटेल, पण ते तितके साधे नव्हते. १९१७ मध्ये सुटकेच्या अटी पुढे आल्या तेव्हा बंधूंनी हमीपत्रात इस्लामवरील निष्ठेस बाधा न येता असा आशय असलेली पुस्ती जोडली आणि सुटका त्यावरच अडली. सरकारच्या दृष्टीने ती पळवाट होती, बंधूंच्या दृष्टीने हमीपत्राचा पायाच तो होता. या दोन वाचनांमध्ये जे अंतर आहे, तेच विद्यापीठाच्या वर्गातही असते.

त्याच वर्षी कलकत्त्यास भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद स्थानबद्ध मुहंमद अलींना देण्यात आले. ते येऊ शकले नाहीत, बी अम्मा मात्र तेथे उपस्थित होत्या. नंतर सरकारने नेमलेल्या दोघा सदस्यांच्या चौकशी समितीने सुटकेच्या बाजूने मत दिले, परंतु ते मानले गेले नाही. १९१९ मध्ये व्हाइसरॉयना पाठविलेल्या कडक निवेदनानंतर बंधूंना शेजारच्या बैतूलच्या तुरुंगात हलविण्यात आले आणि डिसेंबर १९१९ मध्ये त्यांची सुटका झाली.

जामियाचा प्रयोग

सुटकेनंतर वर्षाच्या आतच मुहंमद अलींनी अलीगढकडे मोर्चा वळविला. ऑक्टोबर १९२० मध्ये गांधीजी व अली बंधू तेथे गेले आणि सरकारी अनुदान नाकारण्याचे आवाहन त्यांनी केले. विश्वस्तांनी ते मानले नाही. तेव्हा बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना व अध्यापकांना घेऊन २९ ऑक्टोबर १९२० रोजी जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. देवबंदचे मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते ती झाली, हकीम अजमल खान कुलपती झाले आणि मुहंमद अली पहिले कुलगुरू. देवबंदचे आलिम आणि ऑक्सफर्डचा पदवीधर एका संस्थेच्या पायाभरणीस एकत्र आले, हे अलीगढच्या जुन्या वाटणीला दिलेले उत्तरच होते.

डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले. ६ जानेवारी १९२१ रोजी गांधीजींची छिंदवाड्यास जाहीर सभा झाली. ज्या जागी ती झाली ती पुढे गांधीगंज म्हणून ओळखली जाऊ लागली. स्थानबद्धतेच्या गावाचे स्थान त्या काळच्या राजकारणात काय होते, हे या सभेवरून कळते.

जामियाच्या पहिल्या अभ्यासक्रमात कुरआन आणि इस्लामचा इतिहास यांना मानाचे स्थान होते. हिंदू विद्यार्थ्यांसाठी त्याऐवजी हिंदू नीतिशास्त्राची सोय होती. हेतू उदार होता, यात शंका नाही. पण बारकाईने पाहता या व्यवस्थेत मुसलमान विद्यार्थी इस्लाम शिकतो आणि हिंदू विद्यार्थी हिंदू धर्म शिकतो. दुसऱ्याचा धर्म वर्गात कोणीच शिकत नाही. अलीगढची उणीव भरून निघाली, परंतु शेजाऱ्याची ओळख अभ्यासक्रमाबाहेरच राहिली. ती झाली ती सहवासातून. १९२५ मध्ये जामिया दिल्लीस आली. गांधीजींचे पुत्र देवदास तेथे काही काळ शिकवीत होते आणि नातू रसिक तेथे विद्यार्थी होता. १९२९ मध्ये दिल्लीतच त्याचा मृत्यू झाला. जामियाने आपल्या नावातील 'इस्लामिया' हा शब्द काढू नये, असाच गांधीजींचा आग्रह होता.

मुहंमद अलींच्या राजकारणाविषयी येथे दोन शब्द सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या खिलाफतीसाठी त्यांनी सर्वस्व पणास लावले ती तुर्कांनीच मार्च १९२४ मध्ये रद्द केली. तुर्कस्तानातील प्रत्यक्ष स्थितीविषयी त्यांचा अंदाज भाबडा होता. १९२३ मध्ये ते काकिनाडा काँग्रेसचे अध्यक्ष होते, तर १९२८ च्या नेहरू अहवालानंतर काँग्रेसपासून दूर गेले. जानेवारी १९३१ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. वर्गात त्यांना केवळ ऐक्याचे दूत म्हणून उभे करणे जितके अपुरे, तितकेच केवळ फुटीचे कारण म्हणून दाखविणेही अपुरे आहे.

वर्धा आणि राधाकृष्णन आयोग

१९२० मध्ये अलीगढ सोडणाऱ्या विद्यार्थ्यांत झाकिर हुसेन होते. जर्मनीत अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि १९२६ पासून १९४८ पर्यंत जामियाचे कुलगुरू राहिले. त्यांच्यामुळे हा प्रश्न पुन्हा विदर्भात आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलाविली आणि नई तालीमचा अभ्यासक्रम आखण्यासाठी झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा भावे व काका कालेलकर हे मराठी सदस्य तिच्यात होते. धर्मशिक्षण या योजनेत नव्हते. आज ज्या रीतीने धर्म शिकविले जातात त्यातून ऐक्याऐवजी तंटा वाढतो, असे गांधीजींचे मत होते. मात्र जगातील सर्व धर्मांविषयी आदर निर्माण व्हावा, हे उद्दिष्ट समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात ठेवले गेले.

मुस्लिम लीगने योजनेवर जोरदार टीका केली. मध्य प्रांतात तर त्याच सुमारास पंडित रविशंकर शुक्ल यांच्या 'विद्यामंदिर' योजनेच्या नावावरूनच वाद पेटला. 'मंदिर' या शब्दाचा अर्थ मराठी वा हिंदी बोलणाऱ्याला केवळ वास्तू असा वाटू शकतो, मुस्लिम पालकाला तो तसा वाटत नव्हता. शब्द कोणाच्या कानी कसा पडतो याची जाणीव योजना आखणाऱ्यांना असती, तर बराच ताप टळला असता. एकाच वेळी जामियाचे कुलगुरू आणि वर्धा समितीचे अध्यक्ष असलेल्या झाकिर हुसेन यांच्यावर दोन्ही बाजूंनी शब्द आले.

स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग (१९४८-४९) नेमला गेला, त्यातही झाकिर हुसेन सदस्य होते. आयोगाने पदवीच्या पहिल्या वर्षी थोर धर्मपुरुषांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी जगातील धर्मग्रंथांतील सर्वमान्य निवडक भाग आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातील मध्यवर्ती प्रश्न शिकवावेत, अशी शिफारस केली. चरित्रांच्या यादीत बुद्ध, येशू, शंकराचार्य, कबीर, नानक यांच्याबरोबर पैगंबर मुहंमद (स.) यांचेही नाव होते. जामियात जे वर्गाबाहेर राहिले होते ते येथे वर्गात आले, निदान कागदावर. ही शिफारस विद्यापीठांनी सर्वसाधारणपणे अमलात आणली नाही.

पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६), ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, 'धर्माचे शिक्षण' आणि 'धर्मांविषयीचे शिक्षण' यांत स्पष्ट भेद केला. पहिले सरकारी संस्थेत देता येत नाही, दुसरे द्यावयास हवे. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार संपूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धर्मोपदेशास मनाई आहे. परंतु धर्मांचा अभ्यास त्या मनाईत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्य केले. कायद्याची अडचण आहे असे सांगून विषय टाळणाऱ्या महाविद्यालयांना आता ते कारण उरलेले नाही.

वर्गात काय वाचावे

इस्लामची ओळख करून देण्यासाठी मराठीत साहित्य नाही, असे अनेकदा ऐकावयास मिळते. हे खरे नाही. साने गुरुजींचे 'इस्लामी संस्कृती' उपलब्ध आहे. वर्धा समितीत बसलेल्या विनोबांनी पवनारला अरबी शिकून मूळ कुरआनचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि त्यातून १९६२ मध्ये 'कुराण-सार' प्रसिद्ध झाले. पवनार सौंसरहून काही तासांच्या वाटेवर आहे. रा. चिं. ढेरे यांचे 'मुसलमान मराठी संतकवी' (१९६७) हे पुस्तक तर मराठीच्या अध्यापकाच्या कपाटात असावयासच हवे. डॉ. यू. म. पठाण यांनी औरंगाबादच्या विद्यापीठात मराठी विभागात घालविलेले आयुष्य, महानुभाव साहित्यावरील त्यांचे संशोधन आणि १९९० च्या पुणे साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हे स्वतंत्र व्याख्यानाचे विषय आहेत. मुस्लिम जीवन म्हणजे सण, पोशाख आणि निकाह एवढेच, अशी विद्यार्थ्याची समजूत असते. एक मुस्लिम प्राध्यापक चक्रधरस्वामींच्या पंथाचे ग्रंथ संपादित करतो, हे कळल्यावर ती आपोआप सैल होते.

नागपूरचा उल्लेख याच संदर्भात आवश्यक आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी व फारसी शिलालेखांची शाखा नागपुरात आहे. डॉ. झियाउद्दीन देसाई यांनी तेथे दीर्घकाळ काम करून देशभरातील मशिदी, दर्गे, विहिरी, किल्ले यांवरील लेख वाचले व प्रसिद्ध केले. या लेखांत सुलतानांच्या नावांबरोबर विहीर बांधणारा व्यापारी असतो, लेख कोरणारा कारागीर असतो. राजवटींच्या यादीत न सापडणारे मुस्लिम जीवन येथे दगडावर सापडते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा तरी हे काम दाखवून आणणे नागपूरपासून इतक्या जवळच्या महाविद्यालयांना कठीण नाही.

पैगंबर जयंतीला एखादे व्याख्यान ठेवले जाते, पाहुणे येतात, 'इस्लाम शांतीचा धर्म आहे' असे सांगून जातात आणि कार्यक्रमाचा अहवाल फाइलला लागतो. त्यात गैर काही नाही, पण त्याने विद्यार्थ्याच्या मनातला एकही प्रश्न सुटत नाही, कारण त्याला प्रश्न विचारावयास लावणारे असे काही त्याच्या हाती आलेलेच नसते. छिंदवाड्याच्या स्थानबद्धतेची कागदपत्रे हे काम करू शकतात. मुहंमद अलींचे आत्मवृत्त छापील आहे. गांधीजींची घाटे वकिलांना आणि अली बंधूंना लिहिलेली पत्रे त्यांच्या संकलित वाङ्मयात तारीखवार आहेत. १९१७ चे हमीपत्र आणि त्यातील ती पुस्ती वर्गात ठेवून, विद्यार्थ्यांचे दोन गट करून, एका गटाला सरकारची व दुसऱ्याला बंधूंची बाजू मांडावयास सांगता येते. तासाच्या मध्यावर गटांनी बाजू बदलावी. छिंदवाड्याचे विद्यापीठ २०१९ मध्ये स्थापन झाले आणि आज ते गोंड राजा शंकर शाह यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या परिसरातील महाविद्यालयांत प्रकल्पकार्यासाठी विषय शोधले जातात, तेव्हा हा विषय आणि त्याची साधने हाताशी आहेत.